खळ्यातला वारा, अंगणातली केरसुणी

माघ सरत आला की हिंगोली जिल्ह्यात कडुनिंब पाने टाकायला लागतो. सागाची पाने त्याआधीच खडखडू लागलेली असतात, पिंपळ मागोमाग उघडा पडतो, आणि होळीच्या सुमारास सकाळी झाडलेले अंगण दुपारी पुन्हा पिवळे होते. पूर्वी याला कुणी प्रश्न म्हणत नसे. शिशिर आला, पाने पडली, झाडून घेतली. आता हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या नव्या वसाहतींत घरापुढे पेव्हर ब्लॉक आहेत, त्यांच्या फटींत निंबाची बारीक पाने अडकतात, झाडायला माणूस मिळत नाही, आणि मग पाचोळा उडवणारे यंत्र घ्यावे का, घ्यायचे तर कोणते, असा विचार सुरू होतो. शब्दाचाही घोळ आहेच. बागाईतदाराच्या तोंडी ‘ब्लोअर’ म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचा फवारणीचा पंखा. बाजारपेठेत ब्लोअर म्हणजे दुकानदार ज्याने कॉम्प्युटरमधली धूळ उडवतो ते हातातले यंत्र. अंगणाचा ब्लोअर हा या दोघांचा तिसरा भाऊ. तो निवडताना लोक वॅट विचारतात, किंमत विचारतात, बॅटरी बरी की पेट्रोल ते विचारतात. माझ्या मते हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न अंगणाच्या इतिहासात दडलेला आहे. या मुलखाला वाऱ्याने साफ करण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती आणि झाडण्याचीही. तरी त्याने वारा खळ्यात ठेवला आणि केरसुणी अंगणात. ही वाटणी का झाली ते नीट पाहिले, तर यंत्र कुणी घ्यावे, कुणी घेऊ नये आणि कोणते घ्यावे, हे बरेचसे आपोआप सुटते.

अंगण म्हणजे काय, तिथून सुरुवात करू. मराठवाड्यात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. पांढरीचा रंग नुसता निसर्गाने दिलेला नाही. पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, जुन्या माळवदांची माती अशी शतकांची वस्ती एकावर एक साचून ती झालेली असते. या पांढरीवर उभ्या घराचे अंगण मातीचेच असे. दगडी फरसबंदी पाहायची तर औंढा नागनाथाच्या देवळाच्या आवारात किंवा एखाद्या देशमुखाच्या वाड्यात; बाकी गाव सारवलेल्या जमिनीवर राहत होते. अशा अंगणातून जे निघे त्यात पाने, शेण, कडब्याची चिपाडे, चुलीची राख, निवडलेल्या भाजीचे देठ असे सगळे असे, आणि ते सगळे एकाच दिशेने जाई. अंगणातून उकिरड्यावर, उकिरड्यावरून उन्हाळ्यात बैलगाडीने शेतात. पांढरीतला केर काळीत जाऊन खत होई. या वाटेवर ‘फेकून देणे’ नावाचे ठिकाणच नव्हते. मराठीत ‘केर काढणे’ म्हणतात, ‘केर भरणे’ म्हणतात; केर उडवणे असा वाक्प्रचार नाही. उडवतात ती धूळ, पैसा आणि थट्टा. म्हणजे ज्याचा हिशेब ठेवायचा नाही ते.

झाडण्याच्या आधी सडा. आज सडा म्हणजे सणासुदीची रीत वाटते, पण मुळात ती धूळ बसवण्याची विद्या आहे. फाल्गुनापासून मृगापर्यंत या भागातल्या वाटांवर पावलागणिक फुफाटा उडतो. काळ्या मातीची वाळून झालेली पूड अतिशय हलकी असते. अशा जमिनीवर कोरडे झाडले तर केर जागचा हलतो आणि धूळ घरात येते. शेणपाण्याचा सडा धुळीला जमिनीशी बांधतो, सारवण तिच्यावर पातळ साय धरते, आणि मग केरसुणी फिरते ती फक्त वरवरच्या केरावर. केरसुणी शिंदीच्या पानांची. ओढ्याकाठच्या शिंदीची पाने कापून, वाळवून, चिरून बांधलेला हा फडा घरात आणि सारवलेल्या जागेवर चालतो. बाहेरच्या खरबरीत जागेला ताठ काड्यांचा खराटा. म्हणजे जमीन कशी आहे हे पाहून हत्यार ठरत होते. निवड करण्याची ही बुद्धी ब्लोअरच्या जाहिरातीतून आलेली नाही, ती फार जुनी आहे.

केरसुणी बांधण्याचे काम मातंग समाजाकडे होते. दोरखंडाइतकेच ते त्यांच्या हातचे कसब. लक्ष्मीपूजनाला त्यांच्याकडून नवी केरसुणी आणायची, तिला हळदकुंकू वाहायचे, तिलाच लक्ष्मी म्हणायचे, ही रीत मराठवाड्यात अजून टिकून आहे. तिला पाय लावायचा नाही आणि दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, हे नियमही त्याच घराण्यातले. दुसऱ्या नियमामागचा व्यवहार स्पष्ट आहे: अंधारात काय बाहेर जाते ते दिसत नाही, आणि केरात मोलाचे काही असू शकते. पण केरसुणीची दुसरी बाजूही आहे. लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा, म्हणजे अलक्ष्मी, तिच्याही हाती केरसुणीच असते; दिवाळीत मध्यरात्री सूप वाजवून जिला घराबाहेर हाकलतात ती हीच. शितळादेवीच्या हातात केरसुणी आणि डोक्यावर सूप असते. एकच वस्तू संपत्तीची खूण आणि दारिद्र्याचीही, हे कोडे वाटेल. पण उकिरड्याचा हिशेब ध्यानात घेतला की उलगडते. केर घरात राहिला तर रोग आणि दारिद्र्य, शेतात पोचला तर पीक. मध्ये केरसुणी उभी आहे. तिचे मोल केर कुठे नेऊन पोचवते यावर ठरते.

आता सुपाकडे आणि वाऱ्याकडे वळू, कारण ब्लोअरचे खरे पूर्वज तिथे आहेत. ज्वारीची मळणी झाली, तिवड्याभोवती बैल फिरून कणसे मोकळी झाली, की उरे उफणणी. दुपारनंतर वारा धरला की उंच तिपाईवर उभे राहून सुपातून किंवा पाटीतून माल सोडायचा. जड दाणा पायाशी पडे, हलके भूस वाऱ्याबरोबर पुढे जाऊन पडे. वारा पडला की काम थांबे, माणसे त्याची वाट पाहत बसत. पुढे हाताने फिरवायचे पंखे आले आणि नंतर मळणीयंत्रात पंखाच बसवलेला आला, तेव्हा ही वाट पाहणे संपले. या पंख्याचा जगातला इतिहास फार मोठा आहे. पेटीत पाती फिरवून वारा काढायचा आणि त्यावर धान्य सोडायचे हे यंत्र चीनमध्ये हान राजवटीत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होते. त्या काळच्या थडग्यांत त्याच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. युरोपच्या शेतात ते पोचले ते अठराव्या शतकात. आजच्या बऱ्याच ब्लोअरचे पोट उघडले तर आत तेच दिसते: कवचात फिरणारे पात्यांचे चाक, मध्यातून आत घेतलेली हवा, कडेच्या नळीतून बाहेर फेकलेला झोत. ब्लोअरला ‘विजेची केरसुणी’ म्हणतात, पण ती सोयरीक चुकीची आहे. तो उफणणीच्या पंख्याचा वंशज.

उफणणीत वारा काय करत होता, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो काही फेकत नव्हता, निवडत होता. दाण्याची रास एकीकडे, भुसाची दुसरीकडे, आणि खळे झाडून निघालेले मातीमिश्रित धान्य, ज्याला मातेरे म्हणतात, ते तिसरीकडे. दाणा घरात, भूस गोठ्यात, मातेरेही वाया जात नसे. ज्याच्या घरी धान्याची चणचण तो ते धुऊन, पाखडून घेई. खळ्यावरच बलुतेदारांचे वाटे मोजले जात. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त या देण्याघेण्याचा तपशील मोठ्या चिकाटीने नोंदवला आहे. थोडक्यात, वाऱ्याला कामाला लावायचे ते जिथे दोन वेगवेगळ्या वजनाच्या, वेगवेगळ्या कामाच्या गोष्टी मिसळलेल्या आहेत तिथे. अंगणात तसे नव्हते. पान, शेण, राख, चिपाड सगळ्यांचा मुक्काम एकच, उकिरडा. जिथे निवडायचे काही नाही तिथे वाऱ्याचे काम नाही. तिथे गोळा करणारे हत्यार हवे. वारा खळ्यात आणि केरसुणी अंगणात या वाटणीमागे वारा काढता येत नव्हता हे कारण नव्हते. सूप प्रत्येक घरात होते. कारण होते ते पाचोळ्याला किंमत होती हे.

ही किंमत खरोखर होती की आज आपण ती मागाहून लावतो आहोत, अशी शंका येणे रास्त आहे. पुरावा कमी नाही. ‘कृषिपराशर’ या जुन्या संस्कृत शेतीग्रंथात माघात खताच्या ढिगाची पूजा करून तो उकरावा, उन्हात वाळवावा आणि फाल्गुनात शेतातल्या खड्ड्यांत घालावा असे सांगितले आहे. नेमके तेच दोन महिने, ज्यांत आपल्याकडे पानगळ होते. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतीच्या दैन्याची जी कारणे मोजली, त्यांत एक असे आहे की डोंगरावरचे गवत, पाने, फुले आणि मेलेल्या जीवजंतूंचे सत्त्व पावसाबरोबर वाहून पूर्वी शेतात येई, आणि जंगलखात्याच्या बंदोबस्ताने शेतकऱ्याचा तो ठेवा गेला. पडलेल्या पानाला फुले संपत्ती समजतात आणि तिच्या नुकसानीबद्दल सरकारला जाब विचारतात. पुढे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात शेतातला केरकचरा कुजवून खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणून गेली. ती ज्या १९३१ च्या पुस्तकात मांडली, त्याचे सहलेखक यशवंत वाड होते, हे आपल्याकडेही फारसे कुणाला ठाऊक नसते. आणि पैनगंगेच्या पलीकडे, हिंगोलीच्या अगदी शेजारी पुसदला, नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ‘नाडेप’ टाके बांधले. नाव त्यांच्याच आद्याक्षरांचे. विटांचे, भिंतीत भोके ठेवलेले, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. त्यामागचा विचार सरळ होता. गावात शेण कमी पडते, पाला-पाचोळा-धसकटे भरपूर आहेत. तर थोड्या शेणात जास्त पाचोळा कुजवावा. साधारण ९० ते १२० दिवसांत खत तयार. गाडगेभर शेणासाठी तरसणाऱ्या शेतकऱ्याला पाचोळ्याची किंमत पुन्हा समजावून सांगणारा हा शोध याच पट्ट्यातला आहे.

मग पाचोळा कचरा कधी झाला? एका दिवसात नाही. निजामाची सत्ता १७ सप्टेंबर १९४८ ला संपली, पुढच्या दशकांत रासायनिक खत गावोगाव पोचले, ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे होत गेले, उकिरड्याची जागा घराच्या वाढीव खोलीने घेतली. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या, वसाहती आल्या, अंगणावर सिमेंट पडले. पांढरी आणि काळी यांच्यामधली बैलगाडीची वाट बंद झाली, पण निंब पाने टाकायचा थांबला नाही. वाट नसलेला माल कोपऱ्यात साचतो, आणि साचलेल्याला काडी लावतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवावा, जाळू नये असे सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या ढिगाला २५,००० रुपये भरपाई ठरवली. तरी फाल्गुनातल्या सकाळी वसाहतीतून जो धूर निघतो तो फक्त होळीचा नसतो.

ब्लोअर जन्मला तोही अशाच वाट तुटलेल्या जागी. १९७० च्या दशकात जपानी कंपन्यांची पाठीवर घ्यायची फवारणीची यंत्रे अमेरिकेत गेली, तिथे माळ्यांनी औषधाची टाकी बाजूला ठेवून नुसता वारा वापरायला सुरुवात केली, अशी त्याची कुळकथा सांगतात. कॅलिफोर्नियात त्याच दशकात मोठा दुष्काळ पडला. फरशा पाण्याने धुण्यावर निर्बंध आले आणि ब्लोअरचे फावले. पण पहिली बंदीही तिथलीच: कार्मेल या गावाने १९७५ मध्येच त्याला मनाई केली. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने हिशेब मांडला की माळीकामाचा पेट्रोल ब्लोअर एक तास चालला तर धुरके करणारे जेवढे प्रदूषण होते तेवढे २०१६ च्या टोयोटा कॅमरी मोटारीने सुमारे १,१०० मैल, म्हणजे पावणेअठराशे किलोमीटर, गेल्यावर होते. दोष टू-स्ट्रोक इंजिनाचा. त्यात इंधनाचा मोठा हिस्सा न जळताच तेलासकट बाहेर पडतो. वॉशिंग्टन शहराने १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलच्या ब्लोअरचा वापर बंद केला, कॅलिफोर्नियाने २०२४ पासून तशी नवी छोटी इंजिने बाजारात येऊ न देण्याचा नियम केला. म्हणजे ज्या देशाने हे यंत्र घराघरांत नेले तोच त्यातून माघार घेतो आहे, आणि आपण त्याच्याकडे आत्ता पाहायला लागलो आहोत. उशीर झाल्याचा हा एक फायदा. दुसऱ्याची चूक फुकट शिकायला मिळते.

इथे एक मोठा आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. केरसुणीचे गोडवे गाणे सोपे आहे, पण ती कुणाच्या हातात होती? घरात सुनेच्या, गावात महार-मातंगांच्या. चावडी झाडणे, मेलेली जनावरे ओढणे हे जातीने लादलेले काम होते आणि त्या जोखडातून सुटा, असे बाबासाहेब आंबेडकरांनी कळकळीने सांगितले ते त्यामुळेच. कमरेत वाकून मैलभर अंगण झाडणाऱ्या बाईला जर यंत्र सोडवत असेल, तर उकिरड्याच्या संस्कृतीचे प्रवचन तिला कशाला? आक्षेप खरा आहे, आणि इतिहासात त्याला आधारही आहे. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, ते याच जिल्ह्यात. औंढ्याच्या नागनाथाशी त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा जोडलेली आहे. त्या नामदेवांच्या घरची दासी जनाबाई, शेजारच्या गंगाखेडची. तिच्या नावावरच्या अभंगांत देव येऊन तिच्या घरकामाला हात लावतो, आणि त्यात झाडणे तिच्याकडे, केर भरणे देवाकडे अशी वाटणी दिसते. यात भक्ती आहेच, पण रोजच्या कष्टाची इतकी नेमकी जाणीव दळण-कांडण करणाऱ्या बाईलाच असू शकते. तिला माहीत आहे की झाडणे हा अर्धाच भाग. वाकून केर भरणे, तो उचलून नेणे हा जड भाग. देवाकडे तिने जड भाग दिला. ब्लोअर मात्र हलका भाग घेतो आणि जड भाग तसाच ठेवतो. पाने एका कोपऱ्यात जमतात, उचलायला पुन्हा माणूस लागतोच. नाही तर ती शेजारच्या दारात किंवा गटारात जातात, आणि तिथून ती कुणी काढायची हे आपण विचारत नाही. नगरपालिकेच्या गटारात उतरणारा माणूस कोणत्या वस्तीतला असतो, हे विचारले तर यंत्राने जात हलवली नाही, फक्त नजरेआड केली, हे कबूल करावे लागते.

बाईच्या कमरेचा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर मोटारीपेक्षा जुने व स्वस्त आहे. लांब बांबूला बांधलेला खराटा आपल्याकडे रस्ते झाडायला कधीपासून आहे. उभ्याने झाडता येते हे माहीत असूनही घरात आखूड फडाच राहिला. रस्त्यावरच्या कामगाराला दिलेली काठी घरातल्या सुनेला मात्र दिली नाही. यात तंत्राची अडचण नव्हती. तेव्हा श्रम कमी करायचे असतील तर आधी दांडा लांब करा, लोखंडी दाताळे घ्या, आणि झाडायला घरातल्या पुरुषांनाही लावा. गाडगेबाबांनी हेच केले. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ गावात जाऊन आधी खराटा हातात घेत, दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. लोक त्यांच्या मागोमाग खराटे घेऊन निघत. त्यांच्या नावाने राज्याने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा गावोगावच्या सरपंचांना, शिक्षकांना हातात खराटा धरलेले लोकांनी पाहिले. काम कुणाचे हा प्रश्न गाडगेबाबांनी ‘सगळ्यांचे’ असे उत्तर देऊन सोडवला. त्यासाठी त्यांना पंखा लागला नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. आता गोठा नाही, शेत दूर किंवा विकलेले, अंगणात सिमेंट. उकिरड्याचा इतिहास सांगून काय होणार? मला वाटते, त्या इतिहासावरच निवड ठरते. मातीचे, सारवलेले अंगण असेल तर ब्लोअर घेऊच नये. त्याचा झोत पानाबरोबर सारवणाची साय आणि फुफाटा उचलतो. सडा जे बसवतो ते तो उठवतो, आणि ते उडवणाऱ्याच्या छातीत पहिले जाते. फरशी, पेव्हर ब्लॉक किंवा खडी असेल, म्हणजे खळ्यासारखी जड वस्तू खाली आणि हलकी वर अशी स्थिती असेल, तर वारा कामाचा आहे, कारण तिथे खरोखर निवडायचे आहे. खडीतून पान झाडूने निघत नाही, दाताळ्याने खडीही येते. पंखा मात्र पान तेवढे उचलतो. जाहिरातीत वेग ठळक छापतात, पण उफणणाऱ्याला विचारा: जोराच्या वाऱ्यात तो उभाच राहत नसे, कारण दाणाही भुसाबरोबर जातो. वाळलेल्या निंबाच्या पानाला मंद झोत पुरतो, आणि वेग कमी-जास्त करता येणे हे वेगाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. ओल्या सागाच्या पानाला हवेचा झोत मोठा लागतो. पण ओली पाने उडवायची कशाला, उन्हात दोन दिवस पडू द्यावीत.

लहान अंगणाला वायरीचा, पाचसहाशे वॅटचा हातातला ब्लोअर पुरे. तो हलका, स्वस्त. वीज गेली की थांबतो, तेव्हा वारा पडल्यावर खळ्यात बसत तसे बसावे. मोठ्या आवाराला, शाळेला, मंगल कार्यालयाला बॅटरीचा. मात्र मे महिन्यात ४२-४३ अंशांत पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, हे विकणारा सांगत नाही. पेट्रोलचा घरासाठी घेऊ नये, याला मी अपवाद ठेवत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे, आणि हे यंत्र चालवणाऱ्याच्या कानाशी ती सहज ओलांडते. आणि दोन यंत्रांत निवडायचे झाले तर जे उलटे चालून पाने ओढून घेते, चिरते आणि पिशवीत भरते ते घ्यावे. त्यात केर भरण्याचा जड भागही येतो, आणि चिरलेले पान आख्ख्यापेक्षा लवकर कुजते. आतले चाक प्लॅस्टिकचे असेल तर खडीवर ओढू नये. खडा लागून पाते तुटते.

पिशवी भरल्यावर काय, हा प्रश्न या जिल्ह्यात तरी अनुत्तरित नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोली हा हळदीचा जिल्हा. हळद लावल्याबरोबर तिच्या वाफ्यावर पाल्याचे आच्छादन घालावे, हेक्टरी १२ ते १५ टन, अशी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. ओल टिकते, तण दबते, गड्डा पोसतो. एवढा हिरवा पाला कुठून आणायचा, हीच अडचण असते. अर्धवट कुजलेला पाचोळा त्या जागी काही अंशी चालतो. वसाहतीत कडुनिंब फाल्गुनात झडतो. विटांच्या टाक्यात किंवा परसातल्या खड्ड्यात शेणपाणी शिंपडून ठेवलेला पाचोळा ९० ते १२० दिवसांत तयार होतो. फाल्गुनात भरलेले टाके ज्येष्ठात उघडते, आणि मे-जूनमध्ये, म्हणजे तेवढ्याच सुमाराला, पूर्णेच्या आणि कयाधूच्या काठी हळदीचे बेणे जमिनीत जात असते.